बाईसाहेबांचा बटाटा

हॅलोकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघायचे नाहीत. शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात माईक लावण्यात त्यांचा जन्म गेला, आणि माईक लावणारा माणूस दिवसभरात ‘हॅलो, हॅलो’ जितक्या वेळा म्हणतो तितक्या वेळा दुसरं काहीच म्हणत नाही. नाव पडलं ते पडलंच. लग्नानंतर बायकोलाही लोक हॅलोकाकू म्हणायला लागले. ‘काम तुमचं, नाव मला कशाला?’ म्हणून काकूंनी पुष्कळ आदळआपट केली, पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार!

आता तुम्ही म्हणाल, माईक लावण्यात मेलं एवढं काय आहे? अहो, आहे. कार्यक्रमाआधी आवाजाची तपासणी करायची असते. माईकसमोर बसलेल्याला ‘काहीतरी बोला’ म्हटलं की भलाभला माणूस आवाज लावून बोलतो. छाती फुगवून ‘एक, दोन, तीन’ म्हणतो. त्या आवाजावर बटणं जुळवून ठेवली, की खऱ्या कार्यक्रमात एक तर कर्णे शिट्या मारतात, नाही तर मागच्या रांगेतले लोक ‘ऐकू येत नाही’ म्हणून बोंबलतात. काकांनी नोकरीला लागल्या लागल्याच यावर तोड काढली. सभागृहाच्या मागच्या बाजूला, वर, काचेची छोटी खोली होती. तिथे बसून ते मंचावरच्या माणसाला विचारायचे, “सकाळी काय खाल्लंत?”

झालं! या प्रश्नाला कोणी आवाज लावून उत्तर देत नाही. पंतप्रधान असो की पाववाला, माणूस थोडा गोंधळतो, थोडा हसतो आणि घरात बोलतो तसा बोलतो. तोच खरा आवाज. काकांची बटणं त्याच आवाजावर जुळायची.

या एका प्रश्नाच्या जोरावर काकांनी केवढाली माणसं बघितली, म्हणजे ऐकली! एक बडे नेते होते. भाषणाला उभे राहिले की समोरच्यांची पाचावर धारण बसायची. त्यांना विचारलं तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “केकचा तुकडा. पण आमच्या घरी कळू देऊ नका, साखर बंद आहे.” माईक चालू होता. त्यांच्या सौभाग्यवती खाली खुर्चीत बसलेल्या होत्या. कर्ण्यांतून ते गुपित सभागृहाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचलं, आणि त्या दिवशीच्या भाषणात म्हणे सिंहाची शेळी झाली होती.

एक पहिलवान होता, जगभर कुस्त्या मारून आलेला. सत्काराला उत्तर द्यायचं म्हणून त्याला दरदरून घाम फुटला होता. आवाज असा बारीक, की काका खोलीतून खाली धावत आले, माईक बिघडला समजून. त्या गड्याने काकांचा हात जो धरला तो कार्यक्रम सुरू होईपर्यंत सोडला नाही. काकांची करंगळी आठवडाभर सुजलेली. आणि एक नटी होती, जिच्या एका छबीसाठी लोक भिंती चढायचे. ती उत्तर देईना. मग म्हणाली, “मला लोक विचारतात, आता पुढे काय करणार? काय खाल्लं, हे विचारणारे तुम्हीच पहिले.” आणि तिने अर्ध्या टोस्टची गोष्ट अशी रंगवून सांगितली की तपासणी लांबली आणि व्यवस्थापक चिडला.

या गोष्टी काकांनी घरी किती वेळा सांगितल्या असतील, देव जाणे. पाहुणे आले की सांग, नळ दुरुस्त करणारा आला की सांग. आणि स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या. त्यांच्या नजरेतून एक चूक सुटायची नाही.

“नेत्यांची बायको पहिल्या रांगेत बसली होती,” काका म्हणायचे.

“दुसऱ्या,” काकू.

“पहिलवानाने माझा उजवा हात धरला...”

“डावा. उजव्या हाताने तुम्ही दुसऱ्या दिवशी खिळा ठोकत होतात.”

“अगं, तू होतीस का तिथे?”

“तिथे नव्हते. पण तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा इथे होते ना!”

पाहुणे हसून लोटपोट व्हायचे. खरं सांगायचं तर काकांच्या गोष्टींपेक्षा लोकांना काकूंच्या दुरुस्त्याच जास्त आवडायच्या. काका वरवर कुरकुरायचे, पण मनातून त्यांनाही ते ठाऊक होतं. दुरुस्तीसाठी जागा सोडून ते गोष्ट सांगायचे.

मग मागच्या थंडीत एका सकाळी काकू चहाचा कप उचलायला गेल्या आणि कप हातातून सुटला. काका म्हणाले, “अगं, जपून!” यावर एरवी चार शब्द ऐकावे लागले असते. काकू नुसत्या बघत राहिल्या. तोंड थोडं वाकडं झालं होतं.

दवाखाना झाला, लेक धावत आली ती राहिलीच, जिवावरचं संकट टळलं. उजवा हात हळूहळू हलू लागला. पाय टाकायला लागल्या. फक्त बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, “त्यांना समजतं सगळं. शब्दही आत आहेत, पण दारापर्यंत येऊन अडतात. पहिल्या काही महिन्यांत सुटले तर सुटले. पुढे अवघड होत जातं.”

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज लख्ख करून दिले, त्याच्याच घरात आवाज बंद! घर खायला उठलं. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. इतकी वर्षं ते घड्याळ चालतं की बंद आहे, हेसुद्धा कोणाला कळत नसे.

घरी एक मुलगी यायची, बोलणं परत शिकवणारी. चित्रं दाखवायची, ‘हे काय?’ विचारायची. काकू चित्राकडे बघायच्या, मग मुलीकडे, आणि ‘एवढं कळत नाही का तुला?’ असा चेहरा करून खिडकीबाहेर बघायच्या. मुलगी शहाणी होती, तिने वाईट वाटून घेतलं नाही. जाताना काकांना म्हणाली, “काका, त्यांना बोलायची घाई व्हायला पाहिजे. अशी कुठली गोष्ट आहे, जी ऐकून त्यांना गप्प बसवतच नाही?”

काका क्षणभरही न थांबता म्हणाले, “माझ्या चुका.”

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चुका करायला घेतल्या. हसू नका, त्या माणसाला दुसरं काय येत होतं? सकाळी काकूंना खुर्चीत बसवायचं, पाठीला उशी लावायची आणि समोर स्टूल ओढून गोष्ट सुरू. नेत्याने केक नाही, सफरचंद खाल्लं. त्यांच्या सौभाग्यवती गच्चीत बसल्या होत्या. पहिलवानाचा आवाज ढगासारखा गडगडला. एकेक वाक्य टाकून काका थांबायचे, मासा गळाला लागतो का बघत बसावं तसे. काकूंची भुवई वर जायची. ओठ हलायचे. एकदा तर “अ... अ...” एवढं आलं. पण पुढे काही नाही. काकूंनी ओठ मिटले आणि मान फिरवली.

दिवस असेच चालले. थंडी संपली. डॉक्टरांचे ‘पहिले काही महिने’ हातातून निसटत होते आणि काकांचा धीर सुटत चालला होता. मग एका सकाळी त्यांनी कहरच केला. म्हणाले, “त्या नटीने टोस्टचं सांगितलंच नाही. तिने मला सरळ लग्नाचं विचारलं! मी म्हटलं, थांब, घरी विचारून सांगतो.”

एरवी यावर काकूंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आत्ता त्यांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला. काहीच आलं नाही. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

लेक आतून धावत आली. तिने आईचे डोळे पुसले, उशी नीट केली आणि वडलांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“बाबा, बास झालं आता. तिची काय दशा होतेय, दिसत नाही का तुम्हाला? ओठांशी आलेलं गिळावं लागतंय तिला रोज. तुम्ही खेळ मांडलाय तिचा!”

“अगं, तिने बोलावं म्हणूनच...”

“माहीत आहे. पण ती काही तुमचा माईक नाही, बटण फिरवलं की लागायला. साऱ्या जगाला विचारत फिरलात, सकाळी काय खाल्लंत. आईला विचारलंत कधी?”

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की! तिला काय विचारायचं, स्वयंपाक तर तीच करायची, असंच ते धरून चालले होते. ती केव्हा जेवते, काय जेवते, की त्यांची गोष्ट रंगात आली म्हणून दारातच उभी राहते, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. फार लाज वाटली त्यांना. बाहेर येऊन ते काकूंसमोर बसले आणि म्हणाले, “चुकलं माझं. आता नाही सांगणार खोटं.”

त्यानंतर गोष्टी बंद झाल्या. मुलगी चित्रं घेऊन यायची आणि जायची. काका भाजी चिरायचे, औषधं द्यायचे, आणि रेडिओ लावून दोघं बसायची. हॅलोकाकांना कोणी गप्प बसलेलं बघितलं नव्हतं, पण आता शेजारचे बघायला लागले होते.

असेच एकदा सकाळी दोघं रेडिओ ऐकत होती, आणि बातमी आली. बाईसाहेब गेल्या.

बाईसाहेब म्हणजे मोठ्या गायिका. त्यांचं गाणं ऐकलं नाही असं घर देशात नसेल. काकांच्या गोष्टींतली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांचीच. पाहुणे उठायला लागले की काका ठेवणीतली म्हणून ती काढायचे, आणि पाहुणे परत बसायचे. रेडिओवर बाईसाहेबांचं एक जुनं गाणं लागलं. काकांनी बघितलं तर काकू रडत होत्या. आधी रडल्या होत्या तसं नव्हे, शांतपणे. डाव्या हाताने त्यांनी काकांची बाही घट्ट धरली होती.

“ऐकायची आहे का त्यांची गोष्ट?” काकांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली.

“खरी सांगतो. अगदी घडली तशी. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही, तुझ्या गळ्याची शपथ!” त्यांनी रेडिओ बारीक केला. लेक दारात येऊन उभी राहिली, तिचे हात ओलेच होते.

“आपल्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं,” काका सांगू लागले. “बाईसाहेबांची बहीण वारली होती. दोघी मिळून गायच्या, तुला माहीतच आहे. बहीण गेल्यावर बाईसाहेबांनी गाणंच सोडलं होतं. पुष्कळ दिवसांनी त्या पहिल्यांदा एकट्या गाणार होत्या. तिकिटं कधीच संपली होती. दुपारी आवाज तपासायला आल्या आणि मंचावर बसल्या. शेजारी बहिणीची जागा रिकामी. मी वरून विचारलं, बाईसाहेब, सकाळी काय खाल्लंत? उत्तर नाही. परत विचारलं. आवाज मोजणारा काटा जागचा हलला नाही. मग त्या उठल्या आणि सरळ आत निघून गेल्या. खोलीचं दार लावून घेतलं. व्यवस्थापक दारावर टकटक करून थकला. कार्यक्रम रद्द झाल्याची पाटीसुद्धा त्याने रंगवायला घेतली.”

काकू टक लावून ऐकत होत्या.

“मी वर बसून होतो. पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, आता गाशा गुंडाळावा. तेवढ्यात बघतो तर बाईसाहेब परत मंचावर! तोंडात काहीतरी चघळतायत. माईकसमोर बसल्या, घास गिळला आणि म्हणाल्या, ‘उकडलेला बटाटा. मीठ जास्त आहे.’ अगं, काय आवाज होता तो! रडून बसलेला, पण खरा. सगळे हसायला लागले, त्याही हसल्या. मी बटणं जुळवली. आणि संध्याकाळी त्या जे गायल्या... मी पुढे कितीक गाणी ऐकली, पण तसं पुन्हा ऐकलं नाही. तो बटाटा कुठून आला, हे मात्र कोणाला शेवटपर्यंत कळलं नाही. मोठ्या माणसांचं काय, आकाशातूनही पडत असेल!”

इथे पाहुणे नेहमी हसायचे. काकाही सवयीने थांबले, आणि मग सवयीनेच शेवटचं वाक्य बोलून गेले.

“बाईसाहेबांना बटाटा मिळाला आणि मी त्या दिवशी उपाशी मेलो. का, तर आमची नवी नवरी डबा द्यायला विसरली!”

“नाही.”

लेकीने दाराची चौकट धरली. काकांना वाटलं, रेडिओच बोलला.

“काय म्हणालीस?”

काकूंचे ओठ थरथरत होते. काका पुढे सरसावले, पण त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. तिचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही, असं चित्रं दाखवणाऱ्या मुलीने बजावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कोणाच्या तरी बोलण्याची नुसती वाट बघत बसला.

“डबा,” काकू म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. “आणला... होता.”

“सभागृहात?”

मान हलली. “मागचं... दार. तुम्ही... वर. मी...” त्यांनी डोळे मिटले, शब्द शोधला, सापडेना, तेव्हा डाव्या हाताने हवेतच एक दार ढकललं. “त्या. रडत... होत्या.”

काकांच्या डोक्यात आता लख्ख प्रकाश पडायला लागला. नवी नवरी, पहिल्यांदाच डबा घेऊन सभागृहात आलेली. काचेच्या खोलीचा जिना सापडेना. दिसेल ते दार ढकललं. आत एक बाई एकटीच रडत बसलेली. ती कोण आहे, हे विचारायचंसुद्धा सुचलं नसेल हिला! रडणारं माणूस दिसलं की आधी खायला घालायचं, एवढंच हिला जन्मभर ठाऊक.

“माझा डबा दिलास तू त्यांना?”

“दिला.”

“अगं पण मग सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं! येईल त्या माणसापुढे मी तुला विसराळू म्हणत आलो, आणि तू दारात उभी राहून हसत होतीस?”

काकूंनी रेडिओकडे बघितलं. गाणं अजून बारीक आवाजात चालू होतं.

“म्हणाल्या... रडले... कोणाला... सांगू नकोस.” त्या दमल्या होत्या, पण थांबेनात. “मी... हो म्हटलं.”

काका रडायला लागले. चांगले हुंदके देऊन, लेकीसमोर, काही लाजलज्जा न ठेवता. लेक तर कधीच रडत होती. एवढ्या मोठमोठ्या माणसांच्या गोष्टी सांगून काकांनी लोकांना वेड लावलं होतं, आणि त्यांतल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीतलं माणूस रोज त्यांना चहा करून देत होतं! पहिलवानाने कुठला हात धरला, हेसुद्धा सुधारून देणाऱ्या बाईने स्वतःच्या नावाला लागलेली ही एवढी चूक तशीच राहू दिली होती. तिने हो म्हटलं होतं, म्हणून. आज बाईसाहेब गेल्या आणि ती मोकळी झाली.

काकांनी नाक पुसलं. स्टूल आणखी जवळ ओढलं. आणि काचेच्या खोलीतून साऱ्या दुनियेला विचारलेला प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच आपल्या बायकोला विचारला.

“आणि त्या दिवशी तू काय खाल्लंस गं?”

काकूंनी आठवून बघितलं. “काही... नाही.”

“म्हणजे तूही उपाशीच?”

पण काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांची भुवई वर गेली होती. काका तो चेहरा ओळखत होते, घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो चेहरा ओळखत होता. काकू खुर्चीत ताठ बसल्या, काकांच्या बाहीवरचा हात काढून त्यांनी एक बोट उभारलं आणि एकेक शब्द नीट ऐकू जाईल असा म्हणाल्या,

“मीठ... जास्त... नव्हतं.”